तिसरी हाक

रविवारी दुपारी नील्देने नवऱ्याच्या शर्टाला दुसऱ्यांदा इस्त्री केली, कारण पहिली झाल्यावर तोच शर्ट घालून ओरेस्ते कांदे चिरायला बसला होता. त्यांची नात नोएमी आज बंदरावर गाणार होती. कापसाच्या जुन्या गोदामासमोर, धक्क्यावरच मंच उभारला होता. न जाण्यासाठी ओरेस्तेने गुडघे, ऊन, बसची गर्दी अशी सगळी कारणं काढून पाहिली. शेवटी नोएमीचाच फोन आला आणि म्हातारा मुकाट्याने उठला.

खरं कारण नील्देला माहीत होतं. बावन्न वर्षांपूर्वी याच धक्क्यावर तिचा भाऊ दुइलिओ गेला होता. त्यानंतर ओरेस्तेने जेनोआतल्याच पलीकडच्या गोद्यांमध्ये जन्मभर हमाली केली, पण इथे पाय ठेवला नाही.

आता ही जागा ओळखू येत नव्हती. क्रेनला निळा रंग दिलेला, गोदामात सभागृह आणि सिनेमा, आणि जिथे पोत्यांच्या थप्प्या लागायच्या तिथे लोक आइस्क्रीम चाटत बसलेले.

पूर्वी इथे रोज पहाटे हजेरी व्हायची. मुकादम टोळीतल्या एकेकाचं नाव पुकारायचा, तीनदा. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही, तर दुसरा कुणीतरी ‘त्याच्या जागी मी, हजर’ म्हणून पुढे व्हायचा. एक जरी कमी असला तरी टोळी जहाजाच्या पोटात उतरत नसे, आणि एकदा ‘हजर’ म्हटलं की माघार नाही. त्या पहाटे ओरेस्ते झोपून राहिला. त्याच्या जागी दुइलिओ उतरला, आणि कापसाची गाठ साखळीतून निसटून त्याच्यावर आली.

‘मी झोपून राहिलो.’ हे एकच वाक्य ओरेस्ते बावन्न वर्षं उगाळत होता.

गजर बंद केला होता नील्देने. लग्नाला नऊ दिवस झाले होते आणि नवरा झोपेत फार गोड दिसत होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडावं, तर बाहेर पडायचं भलतंच, दूध संपलंय वगैरे.

बँड सुरू झाला तसं ओरेस्तेने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. त्याशिवाय त्याच्या शेजारी तोफ डागली तरी त्याला पत्ता लागला नसता.

“अरे, नात गाणार आणि तू बहिरा बसणार?” नील्देने खुणेने विचारलं.

“तोंड हलताना दिसतंय की. छान गाते पोरगी.”

नोएमीची तीन गाणी झाली. ऊन उतरलं, वादक पाणी प्यायला गेले, क्षणभर सगळं शांत झालं. फक्त होड्यांच्या कडेला पाणी चुळचुळत होतं. तेव्हा ओरेस्ते एकदम ताठ बसला.

“ऐकलंस?”

नील्देने नकारार्थी मान हलवली. तिचे कान अजून शाबूत होते आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. वास मात्र आला... ओल्या तागाचा, कापसाच्या धुळीचा. असा वास इथे आता यायचं काही कारण नव्हतं.

“हजेरी घेतायत,” तो हळूच म्हणाला. “माझं नाव घेतलं. सातच आहेत गं... आठवा मी.”

त्याच्या आठ जणांच्या टोळीतला सातवा माणूस गेल्या हिवाळ्यात वारला होता; आता एकटा ओरेस्ते उरला होता.

“उठ, घरी चल.” तिने दंड धरून ओढलं. तो हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओझं उतरवायला जागा मिळालेल्या माणसासारखा तो निवांत दिसत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

“दुसरी,” तो म्हणाला.

“ओरेस्ते! गजर मी बंद केला होता! मी! तुझी चूक नव्हती रे!”

ती त्याच्या कानातच ओरडली. पुढची बाई वळून बघायला लागली. ओरेस्तेने तिच्या हातावर थोपटलं. “नंतर सांग हं... आत्ता गप्प बस, नीट ऐकू दे.”

त्याने श्वास घेतला. ओठ विलगले.

नील्देने तळहाताने त्याचं तोंड दाबलं आणि उठून उभी राहिली. “त्याच्या जागी मी,” ती मोठ्याने म्हणाली. “हजर.”

आजी आणखी एक गाणं मागतेय असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. वास गेला. ओरेस्तेने तिचा हात बाजूला केला. तो हिरमुसला होता.

“माझ्याआधीच कुणीतरी हजर म्हणालं,” तो म्हणाला. “बाईचा आवाज होता. कोण असेल?”

परतताना बसमध्ये तिने यंत्र स्वतः त्याच्या कानात बसवलं आणि सगळं सांगितलं. गजराचं, आणि तो आवाज कुणाचा होता तेही. मग त्याने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. तिला रडू आलं. इतकं हलकं तिला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कॉफी पीत होती. समोर ओरेस्ते पाव बुडवून खात होता. अर्धा कप झाला असेल, तेवढ्यात खालून, बंदराच्या बाजूने, अजिबात घाई नसलेल्या आवाजात कुणीतरी तिचं नाव घेतलं. माहेरचं, आडनावासकट. मग पुन्हा एकदा.

आणि त्यावर दुसरा आवाज आला, तरणा, हसरा. बावन्न वर्षांत तिने तो ऐकला नव्हता.

“थांबा हो जरा. तिला कॉफी तरी संपवू द्या.”

नील्देने कप खाली ठेवला.

“अगं, पी ना, गार होईल,” ओरेस्ते म्हणाला.

तिने कपावर बशी झाकली, कप कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

तिसरी हाक अजून आली नव्हती; गुरुवारी तिने बशी उचलून पाहिली. कॉफी अजून गरम होती. फक्त बोटभर कमी झाली होती.