पाल्याच्या ढिगात कोण?

"ह्यो पाला न्हाय!" हेमालीने टोपली उलटी केली, तसा प्लास्टिकचा गुंडाळा धनेशच्या पायावर पडला.

सुट्टी लागल्यापासून हेमाली, तिचा धाकटा भाऊ धनेश आणि पाड्यावरचा त्यांचा दोस्त चिंतू परसातला फणसा-आंब्याचा पाला झाडून ढीग रचत होते. पावसाआधी हा पाला शेताच्या कोपऱ्यात पसरून पेटवायचा आणि त्याच भाजलेल्या जागेत भाताचं बी पेरायचं. त्याला राब म्हणतात. पूर्णा गावात चहूकडे गोदामं झाली, तरी हेमालीच्या घरी अजून शेत होतं.

चिंतूने ढीग उसकटला. आत आणखी प्लास्टिक, थर्माकोल, चिकटपट्ट्या.

"मागच्या साली राब पेटवला तवा घाण वास आला होता," धनेश म्हणाला. "राखेत काळे गोळे पण होते. माझ्या चपलेला चिकटले."

हेमालीला आता उलगडलं: त्या जळलेल्या प्लास्टिकनेच बी मेलं होतं. मागच्या वर्षी राबात रोपं उगवलीच नाहीत. शेजाऱ्यांकडून रोपं मागून लावणी झाली. बाबा, म्हणजे तुळशीराम, चारचौघांत आईला बोलले होते, "तुला बियाणं राखता येत न्हाय." तेव्हापासून आईने बियाण्याच्या कणगीला हात लावला नव्हता. आणि तिचा काडीचाही दोष नव्हता!

"बाबांना सांगू," धनेश म्हणाला.

"म्हणतील, वाऱ्यानं आलं. टाकणाराच धरायचा."

"दुपारी सगळी झोपतात, तवाच येत असंल," चिंतू म्हणाला. "पण पळाला तर?"

हेमालीने ढिगाशेजारच्या शेणाच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. "पळंल कसा?"

तिघांनी चांगला पाला गोठ्यामागे नेला. खड्ड्यात शेण-पाणी कालवलं, वर बांबूच्या कामट्या टाकल्या आणि त्यावर पाला पसरला. लांबून ढीग जसाच्या तसा दिसत होता.

जेवणं उरकून घर झोपलं. कुंपणाची तार वर झाली आणि खांद्यावर गाठोडं घेऊन भूपेश आत आला. हा गावातलाच, पलीकडच्या गोदामात सुपरवायझर. गाठोडं दाबायला त्याने पाल्यावर पाय दिला आणि थेट मांड्यांपर्यंत शेणात गेला.

ओरडा ऐकून आई-बाबांसह सगळी आळी जमली.

"तुम्ही जाळणारच होता ना?" भूपेश कुरकुरला. "कचऱ्याची गाडी येत न्हाय. त्यातच जळून गेला असता. काय बिघडलं?"

"बिघडलं?" हेमाली खड्ड्याच्या काठावर आली. "भूपेशदादा, तुमच्या घरी पण राब होता. जमीन गोदामाला दिली अन् लगेच विसरलात? तिथं आम्ही भात पेरतो. माझ्या आयनं वर्षभर बोलणी खाल्ली!"

भूपेशची मान खाली गेली. तुळशीरामांनी गाठोडं उघडून पाहिलं; आत तसलंच प्लास्टिक. मग म्हणाले, "ह्याच्या हातून सगळं प्लास्टिक उचलून घेऊ, शेतातलं पण. शाब्बास पोरांनो. आमचं ध्यान नव्हतं, तुमचं होतं."

"मला शाबासकी नको," हेमाली म्हणाली. "आयला चारचौघांत बोललात, आता चारचौघांतच सांगा."

तुळशीरामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"हिचा काय दोष नव्हता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी उगाच बोललो. चूक माझी हाय."

"आता मला बाहेर काढा," खड्ड्यातून भूपेश म्हणाला.

"थांबा जरा," चिंतू म्हणाला.

आईने सूप घेतलं, घरात गेली आणि वर्षभराने कणगीचं झाकण काढलं.