कडेची गादी

तारकर्लीत खाडीच्या अंगाला जो रस्ता जातो, त्यावर शेवटून दुसरं घर नीरजाबाई केळुसकरांचं. शेवटचं सत्यवतीचं. त्याच्यापुढे नुसते माड आणि सुरूची झाडं. सुट्ट्यांच्या दिवसांत तिथवर पर्यटकांच्या गाड्या येतात, पण पावसाळ्यात लॉजवाले कुलपं लावून आपापल्या गावी जातात आणि मग दिवसभर समुद्राच्या गाजेशिवाय कानावर काही पडत नाही. ही हकीकत तशाच दिवसांतली. पाऊस ओसरत आला होता, गणपती जाऊन घरं पुन्हा रिकामी झाली होती.

नीरजाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान गुरुदास मालवणात एसटीत कंट्रोलर होते, त्यांना जाऊन वर्ष भरत आलं होतं. वर्षश्राद्धाला मुलगी अक्षया पुण्याहून यायची होती, म्हणून बाईंनी घर आवरायला काढलं. पडदे धुतले, चादरी धुतल्या, सोफ्याच्या खोळी काढल्या. फक्त कडेची गादी तेवढी राहिली. ती गुरुदासांच्या बसण्याची जागा. वर्षभर बाईंनी तिला हात लावला नव्हता, आणि त्याला कारण होतं.

ते गेल्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंच्या लक्षात आलं होतं, की तिन्हीसांजेला ती गादी दबते. सकाळी फुगलेली, सपाट असते, आणि दिवेलागणीला बघावं तर मधोमध खोलगट. जसं कुणी तासभर बसून नुकतंच उठलंय. पहिल्यांदा त्या दचकल्या. मग रडल्या. मग हळूहळू त्यांना त्याची सवय झाली, आणि पुढे तर वाट बघणंच सुरू झालं. सोफ्याचं तोंड पडवीकडे आणि पाठ स्वयंपाकघराकडे. गुरुदास असेच बसायचे, रस्त्याकडे बघत, आणि बाई आत ओट्याशी उभ्या राहून त्यांच्याशी बोलायच्या. तेच आता पुन्हा चालू झालं.

"ओ, आयकलात? आज बाजारात सौंदाळे मासे इले होते. तुमका आवडतत म्हणून घेतलंय..."

उत्तर येत नसे. पण गुरुदास जिवंत असतानाही कुठे फारसं उत्तर द्यायचे! घरात कुणीतरी आहे, आपल्या पाठीमागे बसलेलं आहे, एवढंच बाईंना पुरे होतं. अक्षया दर फोनला म्हणायची, "आई, तू आता एकटी राहू नकोस. पुण्याला ये." बाई काहीतरी सांगून वेळ मारून न्यायच्या. एकटी कुठे राहते मी, हे मुलीला कसं सांगणार?

त्या दिवशी दुपारी त्या झाडू मारत होत्या, तेव्हा दिसलं, की कडेच्या गादीची चेन उसवली आहे. दात एकमेकांपासून सुटले होते, चेन ओढायचा रनर एका बाजूला लोंबत होता, आणि त्या फटीतून पिवळा फोम बाहेर आला होता. बाईंना हसू आलं. "काय ओ, वजन वाढला की काय तुमचा?" असं म्हणत त्यांनी गादी उचलली आणि पडवीत उजेडाला घेऊन बसल्या. लेकीसमोर फाटकी गादी नको, एवढाच विचार.

कुंपणापलीकडून सत्यवतीने विचारलं, "गो नीरजा, काय करतंस?"

"चेन तुटली गो. बसवतंय."

"टाकून दी ती. फोम इतको स्वस्त मिळता."

"नाय गो," बाई म्हणाल्या, "ही टाकूची नाय."

सत्यवती थोडा वेळ त्या गादीकडे बघत उभी राहिली आणि आत निघून गेली.

काम म्हटलं तर सोपं. कोपऱ्याची शिवण उसवायची, रनर काढून पकडीने किंचित दाबायचा, दोन्ही बाजूंचे दात पुन्हा त्यात ओवायचे. सोफ्याच्या चेनला धरायला पट्टी नसते, नुसता बोडका रनर असतो. तो ओढायला बाईंनी त्याच्या भोकात सेफ्टी पिन अडकवली. दातांवर मेणबत्ती घासली. पण फोम मध्ये येत होता, त्यामुळे दात जुळेनात. शेवटी त्यांनी तो खेचून बाहेर काढला.

फोमला वास होता. गुरुदासांच्या अंगाला लावायच्या बामाचा वास असेल असं त्यांना वाटलं होतं. तो नव्हता. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाला येतो, तसा गार, ओलसर वास होता. पावसाळ्यात सगळ्यालाच येतो, असं म्हणून त्यांनी फोम मांडीवर घेतला, आणि त्यांचा हात थांबला.

जाड खोळीतून नुसतीच खोलगट दिसणारी ती जागा उघड्या फोमवर स्पष्ट उमटली होती. ती बसल्याची खूण नव्हती. सोफ्याच्या पाठीकडच्या बाजूला शेजारी शेजारी दोन गोल, खोल खळगे. आणि पुढच्या काठाशी, त्या खळग्यांच्या सरळ रेषेत, लहान लहान ठशांच्या दोन रांगा. पायाच्या बोटांच्या.

बाईंनी बराच वेळ ते बघितलं. मग कळलं. गादीवर कुणी बसत नव्हतं. गादीवर कुणीतरी गुडघे टेकून राहत होतं. रस्त्याकडे पाठ करून, स्वयंपाकघराकडे तोंड करून.

गुरुदासांचे दोन्ही गुडघे आखडलेले होते. देवळातसुद्धा ते उभ्यानेच नमस्कार करायचे. जमिनीवर काय, गादीवरही गुडघे टेकणं त्यांना शक्य नव्हतं...

फोम मांडीवर तसाच ठेवून बाई बसून राहिल्या. माडांच्या सावल्या लांबल्या, पडवीतला उजेड तांबूस झाला. मग त्या आत गेल्या आणि सोफ्याच्या मागच्या बाजूला जाऊन वाकल्या. पाठीच्या वरच्या कडेवर कापड दोन ठिकाणी झिजून गुळगुळीत झालं होतं. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. आणि मधोमध एक लहानशी चकाकती जागा. हनुवटी टेकून टेकून पडावी तशी.

वर्षभर. त्या भाजी चिरत होत्या, भात लावत होत्या, कधी हसत, कधी डोळे पुसत बोलत होत्या. आणि पाठीमागून, सोफ्याच्या कडेवर हनुवटी ठेवून, ते बघत होतं.

त्यांना पहिल्यांदा भीती नाही वाटली. पहिल्यांदा वाटली लाज, आणि मग एकटेपण. म्हणजे गुरुदास नव्हतेच. जाऊन वर्ष झालं, आणि त्यांना आज कळत होतं की ते खरंच गेले. मग मी माझं सगळं, मनातलं सगळं, कुणाला सांगितलं?

तशाही अवस्थेत त्यांनी काम पुरं केलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित ते खळगे डोळ्यांआड करायचे होते. फोम उलटा करून खोळीत कोंबला, चेन ओढली. ती सुरळीत लागली. टोकाला दोरा दुहेरी घेऊन घट्ट टाके घातले, पिन काढून घेतली, गादी जागेवर ठेवली. मग तुळशीपाशी दिवा लावायला अंगणात गेल्या. दोन काड्या विझल्या.

परत आल्या त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या. आत दिवा लावलेला नव्हता. सोफा समोरच होता, काळपट. त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"ओ... तुमीच ना?"

समुद्राची गाज ऐकू येत होती. मग तिच्यातून वेगळा असा एक बारीक आवाज आला. टक्... टक्... टक्... एकेक दात सुटल्याचा. बोडका रनर, ज्याला धरायला काही नव्हतं, तो आपणहून चेनवरून सरकत होता. आतून. टोकाशी पोचला, क्षणभर अडला, आणि दोरा तुटल्याचा आवाज आला.

गादी दबली. पाठीच्या बाजूला, शेजारी शेजारी, दोन जागी. स्वयंपाकघराकडे तोंड करून.

बाईंच्या घशातून कसलासा आवाज निघाला असावा. कारण ते दोन खळगे हलले. आधी एक उचलला गेला, मग दुसरा. आणि दोन्ही पुन्हा उमटले ते पुढच्या काठाशी.

ते वळलं होतं.

नीरजाबाई चपला न घालता सत्यवतीच्या दारात पोचल्या. सत्यवतीने आत घेतलं, पेज दिली, आपल्या शेजारी अंथरूण घातलं. काळोखात एवढंच म्हणाली, "त्या गादीचा मी सांगूचा म्हणत होतंय गो तुका. पन तू बोलत असायचंस ना रोज... तुका बरा वाटता, म्हणून गप रवलंय."

दुसऱ्या दिवशी अक्षया आली. श्राद्ध नीट पार पडलं. सोफ्यावर कुणी बसायच्या आधीच बाईंनी दोन गड्यांकडून तो मागच्या पडवीत नेऊन टाकला होता. "मी तुझ्याबरोबर येते," असं त्या आपणहून म्हणाल्या, तेव्हा मुलीला इतका आनंद झाला, की तिने कारण विचारलंच नाही. घराला कुलूप लागलं. किल्ली बाईंनी कुणाला दिली नाही, पर्समध्ये ठेवली.

पुण्यात बरं चाललं होतं. आठव्या मजल्यावरचं घर, खाली बाग, नातवंडाची शाळा. बाई फारसं बोलत नसत. ओट्याशी उभं राहायचं झालं तर भिंतीला पाठ लागेल अशा उभ्या राहत. अक्षयाला वाटे, वडिलांच्या आठवणीने आई गप्प झालीय.

दिवाळीच्या सुमाराला एका संध्याकाळी सत्यवतीचा फोन आला. आवाजात रुसवा होता.

"इलंस कधी गो? माका सांगलंस पन नाय."

"मी खंय इलंय?" बाई म्हणाल्या. "मी पुण्यात आसंय."

"काय बोलतंस! काल तिन्हीसांजेक तुझ्या दारात उभी होतंय मी. तुझ्या रांदपाच्या खोलीत लाईट होती. हाक मारलंय तर आतसून म्हटलंस, 'वायच थांब, ह्यांका च्या देतंय.' मी कितीतरी वेळ थांबलंय..."

बाईंनी भिंतीला पाठ टेकली. शेवटी त्यांनी विचारलं, "आवाज... माझोच होतो?"

"तुझोच गो. माका तुझो आवाज कळूचो नाय?" सत्यवती म्हणाली, आणि मग जरा घुटमळून, हळूच म्हणाली, "पन खूप खुशीत होतंस. इतक्या वर्षांत तुका तसा हसताना मी कधी आयकूक नाय."