साक्षीचा चौकोन

संग्रहालयाच्या तळघरात ती बावीस वर्षं जुन्या मूर्तींवरचे रंग काढत होती. तिथे नियम एकच, पण कडक. रंगाचा कुठलाही थर पूर्ण काढायचा नाही. मानेमागे नखाएवढा चौकोन तसाच सोडायचा. त्याला साक्ष म्हणायचे. उद्या कुणी विचारलं, इथे आधी काय होतं, तर दाखवायला काही नको?

या वेळची लाकडी मूर्ती आईच्या प्रार्थनाघरातून आली होती. तांबड्या झग्यातला संत, हातात क्रूस. एक म्हातारा, एक आजारी आणि एक प्रेत पाहून राजवाडा सोडलेला राजपुत्र. आईने त्याची गोष्ट तिला हजारदा सांगितली असेल.

"सगळा खरवडू नकोस गं त्याला," आई म्हणाली.

"अगं, खाली काय आहे ते बघतेय फक्त."

"खाली काय असणार? लाकूड!"

आई अशी फटकळ. लेकीने दार उघडलं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "आलीस का, चिमणे? हात धू आधी."

पहिला थर निघायला आठवडा लागला. क्रूस निव्वळ प्लास्टरचा होता. तो गेला आणि त्याच मुठीत जपमाळ दिसली, झगा हिरवा झाला. फकीर! संग्रहालयाचे साहेब हरखून पुस्तक घेऊन आले. त्यातही तोच राजपुत्र, तोच म्हातारा, तेच प्रेत, फक्त धर्म दुसरा.

त्या संध्याकाळी जेवताना आईने गोष्ट काढली. तिचा राजपुत्र आता फकीर होऊन वाळवंटात निघून गेला होता.

"आई, आणि क्रूस?"

"कसला क्रूस?" वेड लेकीलाच लागलंय, अशा नजरेने आईने पाहिलं.

वय झालं, चालायचंच, असं तिने मनाला समजावलं. डॉक्टरही तेच म्हणाले.

दुसऱ्या थराखाली रंगच नव्हता. झग्याच्या घोळात दडलेली मांडी मोकळी झाली. जपमाळही रंगाबरोबर गेली, तिला धरणारी मूठही प्लास्टरचीच निघाली. अर्धे मिटलेले डोळे, मांडीवर उघडे तळवे. बुद्ध.

"सगळ्यात आधीचा हाच!" साहेब म्हणाले. "याचीच गोष्ट कपडे बदलत धर्मोधर्मी फिरली."

घरी आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. दहा वर्षं जिचे गुडघे वळत नव्हते, ती! डोळे अर्धे मिटलेले, चेहरा शांत. लेक धावली. तिने हाका मारल्या, गदागदा हलवलं. आई बघत होती, पण ओळखत नव्हती.

वेणी घालायला तिने आईचे केस वर घेतले आणि तिचा हात तिथेच थबकला. मानेवर दोन चौकोन होते, एक तांबूस, एक हिरवट. नखाएवढे, पात्याने आखल्यासारखे. ओल्या फडक्याने निघेनात. भास म्हणावा, तर बोटाला कड लागत होती. काय समजायचं माणसाने?

रोज दार उघडलं की आई मात्र क्षणभर परत यायची. "आलीस का, चिमणे? हात धू आधी." बस्स, एवढंच. मग डोळे पुन्हा मिटायचे. त्या एका वाक्यासाठी ती दिवसभर जीव मुठीत धरून काम करायची.

प्रदर्शन जवळ आलं. "मूर्तीच्या मानेवरचे ते चौकोन काढा," साहेब म्हणाले. "मागे आरसा लावतोय. डाग दिसतील."

"साहेब, नियम आहे आपला."

"फोटो आहेत ना? पुरे झालं."

ते तिच्याने होईना. तिने दोन्ही चौकोनांवर लाकडी रंगाचा पातळ हात फिरवला, अहवालात 'काढले' असं लिहिलं आणि लवकर घरी निघाली. बावीस वर्षांतलं कामातलं पहिलं खोटं.

दाराला किल्ली लावताना फोन वाजला.

"अहो, रंग ओला लागला हाताला. चौकोन तसेच आहेत की! असू द्या, मीच काढतोय. हिरवा निघालासुद्धा."

"साहेब, थांबा!"

दार उघडलं. आईने डोळे उघडले.

"आलीस का, चिमणे? हात—"

"झालं," फोनवर साहेब म्हणाले. "एकदम स्वच्छ."

आई तिच्याकडे बघत होती. रस्त्यावरच्या कुणाकडेही बघावं तशी, मायेने, पण अनोळखी.

तिने आईचे केस वर केले. मान कोरी होती.

मग ती नळाशी गेली आणि आईने सांगितलं होतं तसे हात धुऊ लागली. पाणी तांबडं होऊन वाहत होतं. त्या दिवशी तिने तांबड्या रंगाला हातही लावला नव्हता.