शिवडीतला पटर

"हात काढा. आधी मी धरलाय," इरावती म्हणाली.

"मला काठी नकोच आहे. खालचं पितळ हवंय," तो उंच, सावळा माणूस म्हणाला. "बोटीची कडी होईल त्याची."

"वितळवणार तुम्ही हे?"

रे रोडच्या भंगारवाल्याकडे गोल्फचा तो एकच पटर होता. चेंडू हलकेच खळगीत ढकलायची काठी. दांडी गंजलेली, मुठीचं रबर चिकट झालेलं, पितळेचं डोकं काळवंडलेलं. पण नवा घेणं तिच्या पगारात बसणारं नव्हतं. शुक्रवारी तिचे बॉस अभय सरांनी तिचा दोन वर्षांपासूनचा क्लायंट काढून दुसऱ्याला दिला होता. का? तर क्लायंट गोल्फ खेळतो, आणि "तुला गोल्फ कुठे येतं?" आता दोन रविवारांनी ऑफिसचा खेळ होता, आणि तिथे जायचंच असं तिने ठरवलं होतं.

तिचा चेहरा पाहून त्याने हात सोडला. "घरी घासून वाट लावाल त्याची. शिवडीला माझं वर्कशॉप आहे, बोटींचं काम करतो. दिनेश कोळी. जागा माझी, मेहनत तुमची."

पुढच्या रविवारी ती ठाकूरद्वारहून शिवडीला गेली, कपाळावरची आठी तशीच ठेवून. दांडीला व्हिनेगर, पितळेला चिंच. ती दात आवळून घासू लागली.

"कोणावर राग काढताय?"

"तुमच्यावर नाही… अजून तरी."

"मग जरा हळू. पितळावर ओरखडे उठतात." त्याने पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून दाखवला. काळ्याखालून पिवळा रंग वर आला, तेव्हा दोघांनी एकदमच मान उचलली. आधी नजर तिनेच वळवली – आणि आपण का वळवली, याचाही तिला राग आला.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर ती गेली, तर पटर तयार होता. मुठीला क्रिकेटच्या बॅटची निळी ग्रिप. पण हातात घेताच तिला कळलं.

"आखूड झालाय."

"दोन इंच कापली दांडी. तुमच्या उंचीला –"

"मला विचारलंत?"

"तुमच्या भल्यासाठीच…"

"अभय सरही हेच म्हणतात," ती म्हणाली. "माझ्यासाठी ठरवायची इतकी घाई का असते हो सगळ्यांना?" पटर तिथेच टाकून ती निघाली. टॅक्सीत तिला रडू आलं.

शनिवारी सकाळी पत्ता विचारत विचारत येऊन दिनेश तिच्या दारात उभा होता, पटर वर्तमानपत्रात गुंडाळून. दांडीच्या पोकळीत सागाचा तुकडा बसवून त्याने उंची पुन्हा पहिल्याइतकी केली होती.

"चुकलो मी," तो म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं." चहासाठीही न थांबता तो जिना उतरला.

रविवारी ऑफिसच्या खेळात निळी ग्रिप बघून अभय सर सगळ्यांसमोर हसले. तिचे दोन फटके वाया गेले, तिसऱ्याला चेंडू खळगीत पडला. क्लायंटने टाळी वाजवली. तेव्हा तिने त्याला सरळ सांगितलं, दोन वर्षं तुमचं काम मी करत होते, आणि ते माझ्याकडून का काढलं, हे यांना विचारा. अभय सरांचं हसू मावळलं. सोमवारी नोकरी राहील की नाही, तिला माहीत नव्हतं.

तिथून ती थेट शिवडीला आली. दिनेश फळीवर बसून दोर गुंडाळत होता.

"जिंकलात?"

"नाही. पण बोलले."

"मग आता कशाचा राग?"

"तू आवडतोस मला." तिचा आवाज चढलेलाच होता. "इतक्या भांडणात हे कुठून मध्येच… मला नको होतं हे आत्ता."

दोर त्याच्या हातून निसटला.

"मी तर रे रोडलाच…" तो हळूच म्हणाला. "पितळ उगाच कोण सोडेल?"

ती धुसफुसतच त्याच्या शेजारी बसली, आणि त्याचा काळा, तेलकट हात तिने घट्ट धरून ठेवला.