चौदा तासांची दुपार

तुम्ही हसाल, पण त्या घड्याळजीच्या हातात असं काही होतं की तो नुसता रस्त्याने गेला तरी आजूबाजूच्या घरांतली बंद घड्याळं लाजून टिकटिकायला लागत. असा हा माणूस एका सकाळी तिकीट कचेरीत शिरला आणि थेट तिकिटं काढून देणाऱ्या मुलीच्या टेबलासमोर येऊन थांबला.

जगाच्या पार पलीकडच्या शहरात मनोऱ्यावरचं एक थोरलं घड्याळ बंद पडलं होतं. ते चालू करून तीन वर्षं सांभाळायला त्याला बोलावणं आलं होतं. होकार द्यायचा की नाही, ते ठरत नव्हतं. विमानाला वेळ किती लागतो, एवढंच त्याला हवं होतं.

तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. इथून सुटणार दुपारी बारा, तिथे पोचणार दुपारी दोन. तारीख तीच.

"दोनच तास?" त्याचा चेहरा उजळला. "मग दर रविवारी इथे चहाला येईन की."

"कुणाकडे?"

"ते... तुम्ही सांगाल तिथे."

खरं सांगायला तिने तोंड उघडलं होतं, पण त्या 'रविवारी'ने जीभच अडकली. मग तो रोज येऊ लागला. कधी सामानाचं वजन विचारायला, कधी खिडकीची जागा. कचेरी तिच्या आत्याची. इतक्या चकरांत हा चालतच पोचला असता, असं आत्या काचेपलीकडून दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणायची.

एके दिवशी मात्र तो होकार ठरवूनच आला. तिकीट काढा म्हणाला. तिची बोटं थबकली.

"थांबा... मी तुम्हाला फसवलंय."

आत्याच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल तिने पुढे ओढला. तेरा हजार किलोमीटर, चौदा तास. वाट उत्तरेच्या बर्फावरून, जिथे ना गाव ना दिवा. सूर्य सारखा बरोबर धावतो, म्हणून दुपार मावळतच नाही. विमान तिथे दोनला उतरतं, तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात.

त्याने मनगटाकडे पाहिलं. "म्हणजे काटे हलवावेसुद्धा लागणार नाहीत... आणि मी यांच्यावर विसंबून जगत आलो." त्याने गोलावरच्या त्या पांढऱ्या टोपीवर बोट टेकवलं. "चौदा तासांची दुपार. कशी दिसते?"

"कुणास ठाऊक. मी फक्त विकते."

"आधी का नाही सांगितलंत?"

"रविवारचं ऐकायला... बरं वाटत होतं."

 तिने मान खाली घातली.

"मी जाणार," तो हळूच म्हणाला. "पण रविवारी चहाला येणं काही जमायचं नाही. तेव्हा... तूच चल ना."

उत्तर आलं ते काचेपलीकडून, आत्याचं. 

"तिकडे काय लोक तिकिटं काढत नाहीत होय गं? आणि जावईबापू, खिडकी हिला द्यायची."

लग्न झालं, विमान उडालं. खाली बर्फ, पुढे बर्फ, आभाळाच्या कडेपर्यंत बर्फच. तिने काचेला नाक लावलं ते काढेचना. तो बर्फ सोडून तिच्याकडेच बघत बसला. सूर्य तर चौदा तास त्या खिडकीबाहेरून हलला नाही. लोक म्हणतात, ती विमानाच्या वेगाची करामत. म्हणोत बापडे. मला विचाराल तर सूर्यालाही तिथून निघवत नसणार.