टपालाची ओळ राहिली

पैज लागली तेव्हा माझ्या तोंडात गरम चणे होते, त्यामुळे मी ती विचार करून लावली असं कुणी म्हणू नये.

टँटी मर्ल, म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीची मावशी, तिच्या डबल्सच्या, चणे भरलेल्या मऊ पुऱ्यांच्या, गाडीमागून म्हणाली, "अकील शनिवारच्या आत नेरिसाला मनातलं सांगणार."

"स्वतःच्या तोंडाने? अगं, तो मॅक्सी टॅक्सीवाल्याला 'इथे थांबव' म्हणायला लाजतो. दोन वळणं पुढे उतरून चालत येतो!"

"मग लाव, कार्लटन. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं ऐकायचं. सगळ्या बेलमाँट वस्तीसमोर."

"लावली!"

नेरिसा आमच्या कार्निव्हलच्या बँडची, म्हणजे पोशाख घालून नाचत निघणाऱ्या पथकाची, मालकीण. वय सत्तावीस, जीभ सुरीसारखी. मी तिच्याकडे पोशाखांच्या तारा वाकवतो. गेल्या वर्षी वेबसाइटवर पोशाखांची नोंदणी उघडली आणि एका मिनिटात गर्दी तुटून पडली, त्यात खोट्या ऑर्डरी टाकणारी यंत्रं. साइट आडवी झाली, गिऱ्हाईक मोठ्या बँडकडे पळालं. म्हणून यंदा दोन आठवड्यांपासून साइट नीट करायला अकील येत होता.

सोमवारी तो म्हणाला, "साइटच्या पुढे एक सेवा उभी करतोय. गर्दी ती आपल्या जगभरच्या सर्व्हरवर वाटून घेते, चोरांना बाहेरच अडवते."

"म्हणजे दारवान?" नेरिसाने विचारलं.

"हो… तुमच्या पोशाखांचे फोटो जवळ ठेवून पटापट दाखवणारा दारवान."

"दिसायला बरा आहे का?"

अकीलचे कान लाल झाले. "डोमेनचे जुने दोन नेमसर्व्हर काढून या सेवेचे घातलेत. आता आपला पत्ता कुणी विचारला की उत्तर ती देणार. सगळीकडे कळायला दिवसभर लागेल."

"मग दिवसभर थांबावं लागेल तुला…" ती म्हणाली, आणि त्याच्या केसांत अडकलेलं निळं पीस काढलं. इतकं सावकाश, की तेवढ्यात मी अख्खा पंख बांधला असता.

गुरुवारी अकील माझ्याकडे आला. चेहरा भिजलेल्या कोंबडीसारखा.

"काका, मंगळवारी तिला सगळं मेलवर लिहिलं. बँडच्या पत्त्यावर. दोन दिवस उत्तर नाही. टोबॅगो बेटावर मिळतेय ती नोकरी घेतो… रविवारची बोट आहे."

मी दुःखी चेहरा केला. आतून नाचत होतो. मेल म्हणजे तोंड नव्हे!

तेवढ्यात नेरिसा तरातरा आत आली. "अकील! सोमवारपासून एकही मेल आलेला नाही. पिसांवाल्याचा नाही, कुणाचाच नाही! काय करून ठेवलंयस?"

अकीलने लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. त्या सेवेने जुन्या नोंदी आपोआप उचलल्या होत्या, पण मेल कुठे पोचवायचे ही ओळ राहिली होती. ते तपासायचं काम त्याचंच.

"आत्ता घालतो. अडकलेले मेल येतील, पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतात." त्याची बोटं थांबली. "पण त्यात… एक माझा आहे. तो नाही वाचला तरी चालेल."

"माझ्या पेटीतला मेल मी वाचायचा नाही? काय लिहिलंयस?"

"येईल ना तासाभरात…"

"मला आत्ता हवंय. बोल."

मी मागून हातवारे केले: गप्प बस! गप्प बस रे गाढवा!

त्याने आधी ती ओळ घातली. मग मान वर केली.

"लिहिलंय, की… तू मला आवडतेस. खूप. आणि हे लिहिलं नव्हतं, पण रविवारची बोट चुकली तर मला फार बरं वाटेल."

"तू? परवापर्यंत तर 'तुम्ही' होते मी."

"चुकलं का?"

"पुन्हा म्हण." तिने लॅपटॉप हळूच मिटला. "दोन आठवडे टँटीचं डोकं खाल्लंय मी, हा मुलगा तोंड कधी उघडणार म्हणून!"

टँटीचं? म्हणजे त्या बाईला आधीपासून…!

शनिवारी दहाला नोंदणी उघडली. गर्दी तुटून पडली, साइटने पापणीही हलवली नाही. साडेदहाला सगळे पोशाख संपले. सगळे म्हणजे, एक सोडून. तो माझ्या अंगावर होता: बायकांचा, मोरपंखी, पोट उघडं. गाडीपाशी मी डबल्स वाटत होतो आणि रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"कंबर हलव, कार्लटन!" टँटी ओरडली.

हलवली. मीच वाकवलेल्या तारा मलाच टोचत होत्या. नेरिसा हसता हसता इतकी वाकली, की अकीलने तिला सावरायला कवेत घेतलं… आणि गाडीवरचे चणे संपले, तरी सोडलं नाही.