मावळ्यांची फ्रेंच चौकी

“हा कुठला गड?” रेणूने पेन उघडत विचारलं.

“गड नाही. फ्रान्समधल्या एका नदीकाठच्या गावातली पहाऱ्याची चौकी,” मातीने हात माखलेला तो तरुण म्हणाला. “मध्ययुगातली. गावाची तटबंदी कधीच पडली, ही तेवढी उरली.”

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाची दिवाळीतली किल्ला-स्पर्धा होती, आणि एरवी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारी नागपूरची रेणू आज परीक्षक होती. तिने वाकून पाहिलं. फ्रेंच चौकीवर चक्क दोन मावळे उभे!

“आणि हे इथे कसे हो?”

“पहारा कुणीतरी द्यायला हवा ना... व्हिसा मिळाला त्यांना.”

हसू दाबता दाबता रेणूच्या नाकी नऊ आले. पण नियम म्हणजे नियम, किल्ला महाराष्ट्रातलाच हवा. तिने त्या तरुणाला, नकुलला, बाद केलं, आणि वाईट वाटलं म्हणून नंतर कॉफीला नेलं.

मग दर शनिवारी कॉफी ठरूनच गेली. नकुल जुन्या इमारती दुरुस्त करणारा इंजिनिअर. शिकत असताना त्याने एक उन्हाळा त्या चौकीवर काढला होता. तिच्या दगडांबद्दल तो इतकं जीव लावून बोले, की रेणूला त्या चौकीचा चक्क हेवा वाटे. दोघांच्याही मनात काय आहे ते साऱ्या मंडळाला कळलं होतं, बोलत नव्हते फक्त हे दोघं.

नोव्हेंबरअखेर त्याचा फोन आला. “रेणू, चौकीच्या रिपेअरचं काम मला ऑफर केलंय. दोन वर्षं तिथे राहावं लागेल. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.”

“काँग्रॅट्स यार!” ती म्हणाली, आणि मीटिंगचं निमित्त करून तिने फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी मात्र तिला राहवेना. गारांच्या पावसात ड्राइव्ह करत ती त्याच्या ऑफिसपाशी पोचली. तो गाडीकडेच निघाला होता.

“नकुल, मला काही हक्क नाही... पण जाऊ नकोस ना! मी प्रेमात पडलेय तुझ्या. झालं, बोलले.”

त्याने केसांतून ओघळणारं पाणी पुसलं.

“अगं, दोन वर्षांना मी सकाळीच नाही म्हटलं. ड्रॉइंग्ज इथून करतो, वर्षातून तीन आठवडे तिकडे येतो, चालेल का, असं विचारलं. ते हो म्हणाले!”

रेणूचा जीव भांड्यात पडला. ती एकदम हसली, मग रडली, मग तिने त्याच्या दंडावर एक फटका मारला.

“मला सांगायचं नाही?”

“तू काँग्रॅट्स म्हणून फोन ठेवलास. मला वाटलं... तुला काही फरकच पडत नाही.” त्याने तिचा गार पडलेला हात हातात घेतला. “पण खरं सांगू? ते तीन आठवडेसुद्धा आता जड जाणार.”

“मग एकटा जाऊ नकोस,” रेणू म्हणाली.